धीर कोणत्या तोंडाने द्यावा?

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयावर आहेत : संकट लांबत गेले म्हणजे मंडळीचा, म्हणजे गावातल्या ख्रिस्ती उपासक समुदायाचा, विश्वास कसा टिकवावा. त्यांतील चार पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे व गावे दिलेली नाहीत. पहिले उत्तर लांबले आहे, कारण तो प्रश्न एका गावाचा नाही.

प्रश्न : सलाम. आमची मंडळी बीड जिल्ह्यातील एका खेड्यात आहे. गेल्या वर्षी पावसाने ओढ दिली आणि यंदा ऐन काढणीत तो इतका कोसळला की सोयाबीन शेतातच कुजले. दसरा झाला की निम्मी घरे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात. मागे म्हातारी माणसे आणि काही लेकरे उरतात. आमच्या पाळकसाहेबांकडे पाच गावे असल्याने ते महिन्यातून एकदाच येतात, बाकीच्या रविवारी मीच वचन वाचून चार शब्द बोलतो. इतकी वर्षे प्रार्थना करून काय मिळाले, असे लोक आता मला तोंडावर विचारतात. शेजारीही ‘तुमचा देव कुठे गेला’ म्हणून टोचतात. मी स्वतः कर्जात आहे. मंडळीला धीर द्यायचा तो कोणत्या तोंडाने?
— मंडळीचे एक वडील

उत्तर : आपण कर्जात आहात, त्याच तोंडाने द्यावा. ज्याच्या घरात तेच संकट आहे त्याचे बोलणे अशा वेळी लोक ऐकून घेतात, आणि पोट भरलेल्या माणसाने दिलेला धीर कितीही शास्त्रशुद्ध असला तरी वरच्या वर उडून जातो. यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात नेलेल्या बंदिवानांना पत्र लिहिले तेव्हा तो स्वतः काही सुरक्षित जागी बसलेला नव्हता. ज्या यरुशलेमेचा नाश त्याने सांगितला त्याच यरुशलेमेत तो राहत होता, आणि पुढे त्याच शहरातल्या चिखलाने भरलेल्या विहिरीत त्याला सोडण्यात आले.

त्या यिर्मयाचे अठ्ठाविसावे आणि एकोणतिसावे हे दोन अध्याय आपण बोलण्यापूर्वी सलग वाचावेत, अशी माझी विनंती आहे. अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सर्वांसमोर उभा राहून सांगतो की दोन वर्षांत बाबेलच्या राजाचे जू मोडेल, नेलेली भांडी आणि नेलेली माणसे परत येतील. लोकांना हेच ऐकायचे होते. यिर्मयाही आधी ‘आमेन, परमेश्वर असे करो’ म्हणतो. पण देवाने हे सांगितलेले नाही, हे कळल्यावर तो हनन्याला तोंडावर खोटा ठरवतो आणि बंदिवानांना लिहितो की घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा, ज्या नगरात आहात त्याच्या हितासाठी प्रार्थना करा, कारण परतायला सत्तर वर्षे लागतील. आपल्याकडे घरोघरच्या कॅलेंडरवर या अध्यायाचे अकरावे वचन छापलेले असते, ज्यात देव म्हणतो की तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत. सत्तर वर्षांचे दहावे वचन कोणी छापत नाही. म्हणून आपण व्यासपीठावरून पुढच्या हंगामाचा पाऊस, कर्जमाफी किंवा भरघोस पीक यांचे वचन देवाच्या नावाने देऊ नये. ते आपल्या हातात नाही, आणि देवाने ते आपल्याला सांगितलेलेही नाही. असे एक वचन फोल ठरले की लोकांचा वक्त्यावरचा विश्वास उडतो, आणि बहुतेकदा त्याच्यासोबत देवावरचाही.

मग सांगावे काय? माझे मत असे आहे की सांगण्याआधी ऐकावे. हबक्कूकाच्या पुस्तकाचा शेवट आपल्या मंडळ्यांत फार आवडीने वाचला जातो : अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ही यादी समजावून सांगावी लागत नाही. पण ते तिसऱ्या अध्यायातले शब्द आहेत, आणि पहिल्या अध्यायात हाच हबक्कूक देवाला विचारतो की मी किती काळ ओरडू आणि तू ऐकणार नाहीस. पहिला अध्याय गाळून तिसऱ्यावर उडी मारायला लावणे हा लोकांवर अन्याय आहे. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत, आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, त्याला आशेची एक ओळही शेवटी जोडलेली नाही. तरीही ते उपासनेत गाण्यासाठी ठेवलेले आहे. तेव्हा एक रविवार उपदेश न करता तेरावे किंवा अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र सावकाश वाचावे आणि ज्याला जे देवाला सांगायचे आहे ते त्याने मोठ्याने सांगावे, असे करून पाहा. ‘प्रार्थना करून काय मिळाले’ हा प्रश्न लोक आपल्याला विचारत आहेत. तो त्यांनी उपासनेतच, देवाला उद्देशून विचारावा. जो देवाशी भांडतो त्याने देवाला सोडलेले नसते. घरी बसून गप्प झालेल्या माणसाची काळजी मला अधिक वाटते.

दुसरी गोष्ट भाकरीची आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या अकराव्या अध्यायात अगब नावाचा संदेष्टा मोठा दुष्काळ पडणार असल्याचे अंत्युखियाच्या मंडळीला सांगतो; क्लौद्य कैसराच्या कारकिर्दीत तो पडला, असेही तेथेच लिहिले आहे. ते ऐकून अंत्युखियातल्या शिष्यांनी ऐपतीप्रमाणे पैसे जमवले आणि बर्णबा व शौल (म्हणजेच पौल) यांच्या हाती यहूदीयातील बांधवांकडे पाठवले. पौल करिंथकरांना मासेदोनियाच्या मंडळ्यांचे उदाहरण देतो, त्याही कमालीच्या दारिद्र्यात असताना देत होत्या. आपली मंडळी गरीब आहे म्हणून देऊ शकत नाही, असे समजू नये. मिझोराममधील ख्रिस्ती घरांत रोज स्वयंपाक करताना मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढण्याची रीत शंभराहून अधिक वर्षे चालू आहे, आणि ती सुरू झाली तेव्हा तेथली घरेही श्रीमंत नव्हती. आपल्याकडे ज्वारीची मूठ काढता येईल. धान्याचा डबा भगिनी मंडळाकडे द्यावा, हिशेब उघडा ठेवावा, आणि घेणाऱ्याचे नाव उपासनेत पुकारू नये.

कर्जाच्या ओझ्याखाली कोणी मरणाची भाषा बोलू लागला असेल, तर त्याला ‘विश्वास ठेव’ एवढे सांगून घरी पाठवू नका. त्या रात्री त्याच्याजवळ कोणीतरी झोपावे, फवारणीची औषधे घरातून हलवावीत, त्याला सरकारी दवाखान्यात न्यावे. टेली-मानस ही मोफत सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलते. प्रार्थना आहेच, ती दवाखान्याच्या बाकावर बसूनही करता येते.

आता ऊसतोडीला गेलेल्यांविषयी. सहा-सहा महिने फडावर आणि कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहणारी ही माणसे हजेरीपटावर ‘गैरहजर’ म्हणून पडून राहतात आणि एप्रिल-मेमध्ये परत आली की पाहुण्यांसारखी मागच्या ओळीत बसतात. पेत्राचे पहिले पत्र अशाच माणसांना लिहिलेले आहे : पंत, गलतिया, कप्पदुकिया, आसिया व बिथुनिया येथे पांगलेल्या, परक्या ठिकाणी राहणाऱ्या विश्वासणाऱ्यांना. तो त्यांना मंडळीपासून तुटलेले मानत नाही. आपणही निघण्याच्या आधीच्या रविवारी प्रत्येक कोयत्यासाठी, म्हणजे त्या नवरा-बायकोच्या जोडीसाठी, नाव घेऊन प्रार्थना करावी. कोणता कारखाना, कोणता गट, ते लिहून ठेवावे. कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत जुन्या मंडळ्या आहेत. आपल्या पाळकसाहेबांनी तेथील पाळकांना आधी पत्र लिहिले, तर नाताळात कोणीतरी कोपीपर्यंत पोहोचेल. आणि नाताळची वाट तरी का पाहावी? रविवारी संध्याकाळी मागे राहिलेल्या आजीने फोन लावून नातवाला एक स्तोत्र वाचून दाखवले, तर ती मंडळीचीच उपासना आहे.

शेजाऱ्यांच्या टोमण्याला उत्तर देण्याच्या भरीस पडू नका. ‘तुझा देव कोठे आहे’ हा टोमणा बेचाळिसाव्या स्तोत्राइतका जुना आहे, आणि स्तोत्रकर्ता त्यावर वाद घालत नाही, रडतो. शिवाय टोचणाऱ्याचेही सोयाबीन कुजलेलेच आहे. धान्याच्या डब्यातून त्याच्या घरीही शेर-दोन शेर जावे, आणि त्याच्या बदल्यात काहीही अपेक्षू नये, उपासनेला येण्याचे आमंत्रणसुद्धा त्या दिवशी देऊ नये. 1876-78 च्या आणि 1899-1900 च्या दुष्काळांनंतर आपल्या भागात झालेल्या बाप्तिस्म्यांना लोकांनी पोटासाठी घेतलेले म्हणून हिणवले होते. तो डाग आपल्या पूर्वजांनी वाद घालून पुसला नाही. पुढचे दुष्काळ आले तेव्हाही ते उपासनेला येत राहिले.

प्रश्न : माझे पती दीड वर्षापूर्वी कर्करोगाने गेले. मंडळीने उपवास केले, साखळी प्रार्थना केल्या, बाहेरून आलेल्या एका सुवार्तिकाने तर ते बरे झाले असल्याचे सभेत जाहीर केले. ते गेल्यावर मात्र दोन-तीन जणींनी मला सांगितले की घरात कोणाचा तरी विश्वास कमी पडला असेल, किंवा एखादे कबूल न केलेले पाप असेल. तेव्हापासून मी मंडळीत जात नाही. घरी शास्त्र वाचते, पण प्रार्थना ओठांवर येत नाही. माझा विश्वास संपला आहे का?
— एक भगिनी

उत्तर : नाही, ताई. संपला असता तर आपण हे पत्र लिहिले नसते.

आपल्याला जे सांगण्यात आले ते चूक आहे, आणि हे मी सौम्य शब्दांत सांगणार नाही. जन्मांधाला पाहून शिष्यांनी विचारले की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी; प्रभूने दोन्ही नाकारले. शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती इतरांहून अधिक पापी होती असे समजू नका, असेही त्याने स्पष्ट सांगितले. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही. विश्वास कमी पडल्याचा आरोप पौलावर कोण करील? तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अखेरीस तर तो सहज लिहून जातो की त्रफिमाला मी मिलेतात आजारी ठेवून आलो. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊनही आजारी बरे झाल्याचे कृत्यांत लिहिले आहे, त्याच पौलाला आपल्या सोबत्याला आजारी सोडून पुढे जावे लागले, आणि त्याने त्याचे कारण शोधत बसण्याची गरज मानली नाही. सभेत बरे झाल्याचे जाहीर करून दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला जाणाऱ्या वक्त्यांनी हे वचन कधीतरी वाचावे.

पंडिता रमाबाईंचे आयुष्य आपण जाणताच. 1870 च्या दशकातील दुष्काळात त्यांनी काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि मोठी बहीण गमावली. पुढे भाऊ गेला, आणि लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती तोच 1882 मध्ये पती गेले. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुलींना आणून केडगावच्या आपल्या ‘मुक्ती’ आश्रमात सांभाळणारी बाई ती हीच. भूक म्हणजे काय, ते त्यांना कोणी सांगावे लागले नाही. आणि एवढ्यावर थांबले नाही. ज्या एकुलत्या मुलीवर काम सोपवायचे होते ती मनोरमाबाई 1921 मध्ये आईच्या आधी गेली. त्यानंतरच्या महिन्यांत रमाबाई मूळ भाषांवरून केलेल्या आपल्या मराठी बायबलच्या कामाला लागलेल्या होत्या, आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. या बाईच्या घरात कोणाचा विश्वास कमी पडला होता, असे त्या दोन-तीन जणींना विचारावेसे वाटते.

प्रार्थना ओठांवर येत नसेल तर सध्या इतरांची वापरा. स्तोत्रे आहेत, प्रभूची प्रार्थना आहे, ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातील आपल्या पतींच्या आवडीचे गीत असेल. रोमकरांस पत्रात पौल म्हणतो की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी शब्दांवाचून कण्हत मध्यस्थी करतो. त्यावर काही काळ निवांत विसंबून राहायला हरकत नाही. मंडळीत एकदम परत जाणे जड वाटत असेल, तर जिच्याजवळ मोकळेपणाने रडता येईल अशा एकाच भगिनीला घरी बोलवा.

याच निमित्ताने इतर वाचकांना एक सांगणे आहे. ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस व सात रात्री जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्द बोलले नाहीत. त्यांचे बिघडले ते आठव्या दिवसापासून, स्पष्टीकरण देऊ लागले तेव्हा. मयताच्या घरी जाताना डबा न्यावा, बाजार आणून द्यावा, बँकेच्या आणि वारस नोंदीच्या कागदांसाठी सोबत जावे. चाळिसाव्या दिवसानंतर सगळे येणे बंद करतात, तेव्हा जावे. आणि आपल्याकडून असे काही बोलले गेले असेल, तर ‘तसे म्हणायचे नव्हते’ असे सांगत न बसता त्या ताईंच्या घरी जाऊन सरळ क्षमा मागावी.

प्रश्न : आम्ही काही तरुण एका घरात आठवड्याची प्रार्थना सभा घेतो. आजूबाजूला संशयाचे वातावरण आहे. एकदा काही जण येऊन धर्मांतर करता का, म्हणून दरडावून गेले. काही जण म्हणतात की सभा बंद करू, काही म्हणतात की घाबरणे म्हणजे अविश्वास. आमच्यातील काहींची कुटुंबे अनुसूचित जातींतून आलेली आहेत. अनुसूचित जातींविषयीच्या 1950 च्या आदेशामुळे ख्रिस्ती झाल्यावर त्या जातींची सवलत जाते, त्यामुळे ‘इथे राहून मिळाले काय’ हा प्रश्नही आहेच.

उत्तर : भीती वाटणे हा अविश्वास नाही. दिमिष्कात जिवावर बेतले तेव्हा पौल टोपलीत बसून भिंतीवरून उतरला, आणि यरुशलेमेत फटके मारायला बांधले तेव्हा त्याने रोमी नागरिकत्वाचा हक्क सांगितला. आपल्यालाही संविधानाच्या अनुच्छेद 25 ने धर्म पाळण्याचे, आचरण्याचे व सांगण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून. त्याचा आधार शांतपणे घ्यावा. दरडावले गेल्याची लेखी नोंद पोलीस ठाण्यात द्यावी, आणि हे मंडळीच्या वडिलांना सोबत घेऊन करावे. सभा चालू ठेवावी, पण दार उघडे ठेवून, ध्वनिक्षेपक न लावता, शेजाऱ्यांना चहाला बोलावून. विचारणाऱ्याला उत्तर द्या, पण सौम्यतेने, असे पेत्राने सांगितले आहे, आणि ते त्याने छळ सोसणाऱ्यांनाच सांगितले आहे.

1950 च्या आदेशाविषयी : त्यात 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध समाविष्ट झाले, ख्रिस्ती झालेले नाहीत. हा अन्याय आहे असे माझे मत आहे, आणि त्यासाठी सनदशीर मार्गाने लढणे हे विश्वासाच्या आड येत नाही. मात्र त्यामुळे कोणी कागदावर काय लिहावे, यावरून मंडळीत कोणाला खाली पाहायला लावू नये. ते ओझे त्या कुटुंबाचे आहे. बाहेरच्यांनी त्यावर न्याय करू नये.

प्रश्न : मी स्वतः पाळक आहे. सर्वांना धीर देतो, पण गेले वर्षभर मी आतून रिकामा झालो आहे. महामारीत एकापाठोपाठ एक अंत्यविधी केले, त्यानंतर सावरलोच नाही. पगार तीन महिन्यांचा थकला आहे. हे मंडळीला सांगावे की नाही?

उत्तर : सांगावे, पण आधी झोपावे. एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीनंतर रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. दूताच्या हातून भाकरी आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. होरेब डोंगरावर बोलणे झाले ते नंतर, आणि त्याचा शेवट अलीशा हा मदतनीस मिळण्यात झाला. आपण डॉक्टरांना भेटावे, जवळच्या एका पाळकबंधूजवळ सगळे बोलावे, आणि महिन्यातला एक रविवार वडिलांपैकी कोणाकडे तरी सोपवावा. वर बीड जिल्ह्यातील वडील उपदेश करतातच.

राहिला पगार. कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे, हे प्रभूचेच शब्द आहेत. तो विषय आपण काढू नये. हे उत्तर वाचणाऱ्या कोणत्याही मंडळीच्या खजिनदारांनी पुढच्या पंच कमिटीत तो स्वतः, पहिल्या क्रमांकावर घ्यावा आणि देणे किती हप्त्यांत फिटेल त्याच्या तारखा त्याच बैठकीत लिहून घ्याव्यात.